शिकलेले दिसते का?

सुरुवातीलाच एक साधा प्रश्न. तुमच्या शेजारच्या बाकावर बसणारा मुलगा भूगोलाचा धडा शिकला आहे की नाही, हे तुम्ही कसे ओळखाल? तुम्ही म्हणाल, “त्यात काय अवघड? त्याला प्रश्न विचारू. उत्तर बरोबर आले की समजायचे, तो शिकला.” ठीक आहे. पण उत्तर आले नाही तर? तो शिकलाच नाही असे म्हणायचे, की शिकला आहे पण सांगू शकला नाही असे म्हणायचे? त्याच्या डोक्यात तर आपल्याला डोकावून पाहता येत नाही!

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. याच प्रश्नावरून मानसशास्त्रज्ञांमध्ये कित्येक वर्षे मोठा वाद चालला. त्या वादात कुत्री, मांजरे, कबुतरे, चिंपांझी आणि कितीतरी उंदीर यांनी आपापल्या साक्षी दिल्या. त्या वादाची ही हकीकत.

हान्स घोड्याची गणिते

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील बर्लिन शहरात हान्स नावाचा एक घोडा फार गाजला होता. त्याचे मालक फॉन ऑस्टेन हे पूर्वी शिक्षक होते. त्यांनी हान्सला गणित शिकवले होते म्हणे! ‘तीन अधिक चार किती?’ असे विचारले की हान्स आपल्या खुराने जमिनीवर बरोबर सात ठोके देई आणि थांबे. लोक थक्क होत. १९०४ मध्ये जाणकारांच्या एका समितीने त्याची तपासणी केली, पण तिला कोणतीही लबाडी सापडली नाही.

मग ऑस्कर फुंग्स्ट या तरुण अभ्यासकाने वेगळ्या तऱ्हेने चाचणी घेतली. ज्याला स्वतःलाच उत्तर माहीत नाही अशा माणसाला त्याने प्रश्न विचारायला लावले. त्याबरोबर हान्सची उत्तरे चुकू लागली. प्रश्न विचारणारा माणूस हान्सला दिसणार नाही अशी व्यवस्था केली, तरी तेच. खरा प्रकार असा होता : ठोक्यांची संख्या बरोबर उत्तराजवळ आली की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित वर होई. ती बारीकशी हालचाल हान्स टिपत असे आणि थांबत असे. मालकालाही याचा पत्ता नव्हता.

म्हणजे हान्स गणित शिकला नव्हता. पण तो काहीच शिकला नव्हता असेही नाही. माणसाच्या लक्षात न येणारी खूण ओळखायला तो शिकला होता. यातून शास्त्रज्ञांनी एक धडा घेतला. एखाद्याच्या मनात काय चालले आहे याचे तर्क भराभर लढवू नयेत. आधी जे दिसते, मोजता येते, ते नीट तपासून पाहावे.

तोंडाला पाणी का सुटते?

चिंचेचे नुसते नाव काढले तरी तुमच्या तोंडाला पाणी सुटते. का बरे? ‘चिंच’ हा शब्द काही आंबट नसतो. ज्याने चिंच कधी खाल्लीच नाही, त्याच्या तोंडाला त्या शब्दाने पाणी सुटणार नाही. अर्थात हे आपण कधीतरी शिकलेले असते. आपण शिकत आहोत हे मात्र आपल्या ध्यानात आलेले नसते.

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह (१८४९-१९३६) यांनी हेच कुत्र्यांमध्ये पाहिले. ते खरे म्हणजे शरीरक्रियाशास्त्रज्ञ. पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल त्यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. कुत्र्याच्या गालातून एक बारीक नळी बाहेर काढून ते लाळेचे थेंब मोजत. त्यांच्या लक्षात आले, की अन्न तोंडात पडण्याआधीच, अन्न आणणाऱ्या माणसाची चाहूल लागताच कुत्र्याला लाळ सुटते.

मग त्यांनी पद्धतशीर प्रयोग केले. लयीत टिकटिक करणारे एक यंत्र सुरू करायचे आणि लगेच कुत्र्याला अन्न द्यायचे. असे पुष्कळ वेळा केल्यावर नुसती टिकटिक ऐकूनही लाळ गळू लागे. (पुस्तकांमध्ये बहुधा घंटेचा उल्लेख असतो, पण पावलॉव्ह यांनी टिकटिक, दिवा, स्पर्श अशा अनेक खुणा वापरल्या होत्या.) पुढे टिकटिक ऐकवायची, पण अन्न द्यायचे नाही असे केले, की लाळ कमी कमी होत थांबे. गंमत अशी, की काही काळ विश्रांती दिल्यावर तीच टिकटिक ऐकवली तर थोडी लाळ पुन्हा सुटे! जुना धडा पुसला गेला नव्हता, नुसता झाकला गेला होता. हे लक्षात ठेवा; पुढे उपयोगी पडेल.

अशा रीतीने एका खुणेची दुसऱ्या गोष्टीशी गाठ बांधली जाण्याला मानसशास्त्रात ‘अभिसंधान’ म्हणतात.

पेटीतले मांजर

त्याच सुमारास अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक (१८७४-१९४९) यांनी एक पेटी बनवली. पेटीत भुकेले मांजर ठेवायचे आणि बाहेर मासळीचा तुकडा. आतली दोरी ओढली किंवा फळी दाबली की दार उघडे. मांजर ओरबाडे, चावे, फटींतून पंजे बाहेर काढी. असे करता करता योगायोगाने दोरी ओढली जाई आणि ते सुटे. त्याला पुन्हा पेटीत ठेवायचे आणि सुटायला लागलेली वेळ टिपून ठेवायची. पहिल्या खेपेला दोन-अडीच मिनिटे घेणारे मांजर वीस-पंचवीस खेपांनंतर सहा-सात सेकंदांत बाहेर येई.

पण ही वेळ एकदम खाली आली नाही. चढत-उतरत हळूहळू कमी झाली. मांजराला युक्ती ‘कळली’ असती तर ती एका झटक्यात खाली आली असती, असे थॉर्नडाइक यांचे म्हणणे. त्यांनी १८९८ मध्ये हे प्रयोग प्रसिद्ध केले आणि पुढे त्यावरून नियम मांडला : ज्या कृतीचा परिणाम सुखाचा होतो ती कृती पक्की होत जाते. हाच ‘परिणामाचा नियम’. या शिकण्याला ‘प्रयत्न-प्रमाद पद्धती’ म्हणतात. प्रमाद म्हणजे चूक. सायकल शिकताना तुम्ही हेच केलेत, नाही का?

मनाला रजा

आता वाद कुठे सुरू झाला ते पाहू. त्या काळी मानसशास्त्रज्ञ अंतर्निरीक्षण करीत. म्हणजे माणसाने स्वतःच्याच मनात डोकावून तेथे काय आढळते ते सांगायचे. पण दोन माणसांनी दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या, तर खरे कोणाचे मानायचे? तिसऱ्याला ते तपासून पाहता येत नसे.

१९१३ मध्ये जॉन वॉटसन (१८७८-१९५८) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक खळबळजनक लेख लिहिला. त्याचा मथितार्थ असा : मानसशास्त्राला विज्ञान व्हायचे असेल, तर त्याने मनाच्या गोष्टी सोडून द्याव्यात आणि फक्त वर्तनाचा अभ्यास करावा. बाहेरून येणारे उद्दीपक कोणते आणि त्याला मिळणारा प्रतिसाद कोणता, एवढेच पाहावे. मधली पेटी झाकलेली आहे ना, मग ती झाकलेलीच राहू द्या! या विचारसरणीला ‘वर्तनवाद’ हे नाव मिळाले. पुढे तर वॉटसन यांनी असा दावा केला, की निरोगी बालके आणि हवी तशी परिस्थिती आपल्या हाती दिली, तर त्यांतल्या कोणालाही डॉक्टर, वकील किंवा चोरसुद्धा बनवून दाखवू. आपण पुराव्यापलीकडे बोलत आहोत याची कबुलीही त्यांनी तेथेच दिली होती.

या विचाराच्या भरात एक वाईट गोष्ट घडली. १९२० मध्ये वॉटसन आणि त्यांच्या सहकारी रोझली रेनर यांनी ‘अल्बर्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अकरा महिन्यांच्या एका बाळावरील प्रयोग प्रसिद्ध केला. बाळाला पांढऱ्या उंदराची भीती वाटत नव्हती. त्याने उंदराला हात लावला, की त्याच्या मागे लोखंडी कांबीवर हातोडा आपटून मोठा आवाज काढायचा. थोड्याच वेळा असे केल्यावर बाळ उंदीर पाहताच रडू लागले. पुढे ससा आणि केसाळ कोट पाहूनही ते घाबरू लागले. भीती शिकता येते हे सिद्ध झाले. पण ती न घालवताच बाळ तेथून गेले. आज असा प्रयोग करू दिला जात नाही, आणि ते योग्यच आहे. ज्याच्या मनाचा विचार करायचाच नाही असे ठरवले, त्याच्या मनाला होणारी इजाही दृष्टीआड होते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या एका मुलाची सशाची भीती घालवली. तो आवडीचे खात असताना ससा पिंजऱ्यातून दूर आणून ठेवायचा आणि रोज थोडा थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला प्रेमाने कुरवाळू लागला. भीती ज्या वाटेने आत येते, त्याच वाटेने तिला बाहेरही काढता येते.

स्किनर यांची पेटी

वर्तनवादाला सर्वांत पुढे नेले ते बी. एफ. स्किनर (१९०४-१९९०) यांनी. त्यांच्या पेटीतल्या उंदराने दांडी दाबली की अन्नाची गोळी पडे. कृतीनंतर मिळणाऱ्या आणि ती कृती पक्की करणाऱ्या अशा फळाला ‘प्रबलन’ म्हणतात. स्किनर यांनी दाखवून दिले, की फळ दर वेळी दिले तर ते बंद होताच प्राणी लवकर थांबतो. पण ते केव्हा मिळेल याचा नेम नसला, तर प्राणी किती तरी वेळ दांडी दाबतच राहतो. लॉटरीचे तिकीट पुन्हा पुन्हा घेणारा माणूस किंवा नवा संदेश आला का म्हणून घडीघडी फोन पाहणारे आपण, या उंदरापासून फारसे दूर नाही!

शिक्षेविषयी त्यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग विचार करण्यासारखा आहे. दांडी दाबायला शिकलेल्या उंदरांचे त्यांनी दोन गट केले आणि दोन्ही गटांना गोळ्या देणे बंद केले. एका गटाला सुरुवातीला काही वेळ दांडी दाबताच पंजावर फटकाही बसे. त्या उंदरांनी दांडी दाबणे लगेच कमी केले. पण फटके थांबल्यावर ते पुन्हा दाबू लागले, आणि अखेर दोन्ही गटांची एकूण मोजदाद जवळजवळ सारखीच भरली. सौम्य शिक्षेने सवय दबली होती, मोडली नव्हती. पावलॉव्ह यांच्या कुत्र्याचा झाकलेला धडा आठवला ना? आपल्या देशात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे.

१९५३ मध्ये स्किनर आपल्या मुलीच्या वर्गात गणिताचा तास पाहायला गेले. हुशार मुले गणिते संपवून रिकामी बसली होती, मागे पडलेली मुले अडखळत होती, आणि आपले बरोबर की चूक हे कोणालाच लगेच कळत नव्हते. त्यांनी एक शिकवणारे यंत्र तयार केले. त्यात छोटा प्रश्न, विद्यार्थ्याचे उत्तर आणि लगेच पडताळा, मग पुढचा छोटा प्रश्न, अशी रचना होती. ज्याचा त्याचा वेग वेगळा. ही युक्ती तुम्हीही वापरू शकता. संपूर्ण धडा एकदम घोकू नका. एक परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा, स्वतःला प्रश्न विचारा आणि लगेच ताडून पाहा.

चिंपांझी आणि उंदीर काय म्हणाले?

आता दुसऱ्या बाजूच्या साक्षी ऐका. जर्मन शास्त्रज्ञ वोल्फगांग कोलर (१८८७-१९६७) हे १९१३ पासून टेनेरीफ बेटावर चिंपांझींचा अभ्यास करीत होते. सुलतान नावाच्या चिंपांझीपुढे त्यांनी पिंजऱ्याबाहेर केळे ठेवले आणि त्याला बांबूच्या दोन काठ्या दिल्या. एकही काठी केळ्यापर्यंत पोचेना. सुलतानने बराच वेळ खटपट केली आणि नाद सोडला. मग बसल्या बसल्या काठ्यांशी खेळताना त्या एका रेषेत आल्या. त्याने बारीक काठीचे टोक जाड काठीच्या पोकळीत बसवले, आणि लांब काठी झाल्याबरोबर धावत जाऊन केळे ओढून घेतले! कोलर यांनी याला ‘मर्मदृष्टी’ म्हटले. गणित सुटत नसताना तुम्हाला एकदम ‘अरे हो!’ असे होते, ती हीच.

वर्तनवाद्यांकडेही याला उत्तर होते. १९८४ मध्ये रॉबर्ट एप्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कबुतरांना खोके ढकलणे आणि खोक्यावर चढून टोच मारणे हे वेगवेगळे शिकवले. मग उंचावर टांगलेल्या खोट्या केळ्याखाली खोके ढकलून त्यावर चढण्याची युक्ती त्या कबुतरांनी आपली आपणच केली. म्हणजे ‘एकदम सुचणे’ यामागेही आधी शिकलेल्या तुकड्यांची शिदोरी असू शकते.

पण सर्वांत बोलकी साक्ष दिली ती उंदरांनीच. एडवर्ड टोलमन आणि चार्ल्स हॉन्झिक यांनी १९३० मध्ये कॅलिफोर्नियातील आपला प्रयोग प्रसिद्ध केला. चौदा वळणांच्या भुलभुलैयात त्यांनी उंदरांचे तीन गट रोज सोडले. पहिल्या गटाला शेवटी रोज अन्न मिळे. त्याच्या चुका दिवसेंदिवस कमी झाल्या. दुसऱ्या गटाला तेथे अन्न कधीच मिळत नसे. त्याच्या चुका फारशा घटल्या नाहीत. तिसऱ्या गटाला पहिले दहा दिवस अन्न मिळाले नाही. अकराव्या दिवशी प्रथमच मिळाले. काय झाले असेल? बाराव्या दिवशी त्याच्या चुका एकदम कोसळल्या आणि तो पहिल्या गटाच्या बरोबरीला आला!

विचार करा. दहा दिवस हे उंदीर ‘ढ’ दिसत होते. प्रबलन नाही, म्हणून शिकणे नाही, असेच कोणीही म्हटले असते. पण भटकता भटकता ते वाटा शिकत होते. शिकलेले दाखवण्याचे कारण तेवढे मिळाले नव्हते. टोलमन म्हणाले, की उंदराच्या डोक्यात त्या जागेचा एक नकाशा तयार होतो. अशा शिकण्याला ‘सुप्त अध्ययन’ म्हणतात. शिकणे आणि शिकलेले दाखवणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे येथे मोजून सिद्ध झाले.

पुढे आणखी पुरावे आले. १९६१ मध्ये अल्बर्ट बांडुरा यांनी दाखवले, की मोठ्या माणसाने बाहुलीला बदडलेले नुसते पाहूनही मुले तसेच करतात. त्यांना कोणी खाऊ द्यावा लागत नाही. जॉन गार्सिया आणि रॉबर्ट केलिंग यांनी १९६६ मध्ये दाखवले, की गोड पाणी पिताना दिवा आणि आवाजही असला, तर नंतर आजारी पडलेला उंदीर गोड चव टाळतो. विजेचा झटका बसलेला उंदीर मात्र दिवा आणि आवाज टाळतो. कोणतीही खूण कशाशीही सारखीच जोडली जाते असे नाही. प्राण्याचा पिंड काही गाठी सहज बांधतो, काही नाही. आणि भाषेचे काय? लहान मूल ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणते. मोठ्यांच्या तोंडून तो शब्द त्याने ऐकलेला नसतो. ‘बसलं’सारख्या शब्दांवरून नियम त्याने आपला आपणच काढलेला असतो. मूल ऐकलेले नुसते परत म्हणत नाही, हा मुद्दा नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये स्किनर यांच्या भाषेवरील पुस्तकाची कडक समीक्षा करताना जोराने मांडला होता.

मग वर्तनवाद खोटा?

नाही. तो अपुरा ठरला, खोटा नव्हे. स्फोटक सुरुंग वासाने शोधणारे मोठे आफ्रिकी उंदीर आजही प्रबलनानेच तयार केले जातात. त्यांपैकी मगावा या उंदराला कंबोडियातील कामगिरीबद्दल २०२० मध्ये सुवर्णपदक मिळाले. अकारण वाटणाऱ्या भीतीवरील उपचारात पीटरच्या सशाची पद्धत सुधारून वापरली जाते. २०१६ मध्ये ‘गो’ या खेळात ली सेडोल या नामांकित खेळाडूला हरवणाऱ्या संगणकानेही सरावात हार-जीत यांच्या प्रबलनातून आपला खेळ सुधारला होता.

आणि ती झाकलेली पेटी? तीही आता थोडी उघडली आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतील काही पेशींची नोंद घेतली. अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला की त्या पेशी जोराने काम करत. दिव्यानंतर रस येतो हे शिकल्यावर त्या दिव्यालाच प्रतिसाद देऊ लागल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या वेळी त्या मंदावत. मेंदू नुसते बक्षीस मोजत नाही. तो अपेक्षा करतो आणि अपेक्षा व अनुभव यांतील फरकातून शिकतो. पावलॉव्ह यांची टिकटिक आणि टोलमन यांचा नकाशा येथे जवळ येतात.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. शेजारच्या मुलाला उत्तर आले नाही, एवढ्यावरून ‘त्याला काही येत नाही’ असा शिक्का मारू नका. तो कदाचित टोलमन यांच्या तिसऱ्या गटातला असेल. पण ‘मला सगळे येते, फक्त सांगता येत नाही’ ही सबब स्वतःलाही सांगू नका. कारण टोलमन यांनी उंदरांच्या हुशारीवर नुसता विश्वास ठेवला नाही. त्यांनी अन्न ठेवले आणि चुका मोजल्या. न दिसणाऱ्या गोष्टी असतात, हे खरे. पण त्या दिसतील अशी परीक्षा शोधून काढावी लागते. त्या मुलाला नकाशा काढायला सांगा, दुसऱ्या शब्दांत विचारा, उद्या पुन्हा विचारा. वर्तनवादाने शिकवलेली शिस्त ती हीच.

करून पाहा

एका कागदावर दुहेरी रेषांची चांदणी काढा. कागद टेबलावर ठेवून त्याच्यासमोर आरसा उभा करा. हातावर पुठ्ठ्याचा आडोसा धरा, म्हणजे चांदणी फक्त आरशातच दिसेल. आता दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवा. असे दहा वेळा करा. दर वेळी लागलेले सेकंद आणि रेषेबाहेर गेल्याच्या चुका मांडून आलेख काढा. तुमचा आलेख थॉर्नडाइक यांच्या मांजरासारखा हळूहळू उतरतो, की टोलमन यांच्या उंदरांसारखा एकदम कोसळतो? आठवड्याने पुन्हा एकदा करून पाहा. धडा पुसला गेला होता, की नुसता झाकला गेला होता, हे तुमचे तुम्हालाच कळेल.